दीड शेखर

फोटोत पाय दिसलेच पाहिजेत, असा पुष्पाबाईंचा हुकूम होता आणि त्यांच्या हुकमापुढे नवऱ्याचं, रंगरावांचंसुद्धा काही चालत नसे.

हुकमाला कारण होतं. गेल्या साली मुलाचा, शेखरचा कमरेपर्यंतचा फोटो लोणारकडच्या एका स्थळाला दिला, तर त्या मंडळींनी बोलणी करायच्या आधी गावात येऊन गुपचूप तीन ठिकाणी चौकशी केली. काय, तर मुलाचे पाय धड आहेत ना? अर्धाच फोटो काऊन दिला? स्थळ गेलं ते गेलंच, वर गावातले लोक शेखरच्या चालण्याकडे निरखून पाहू लागले. लोक पाहतात म्हटल्यावर शेखर अवघडून चालायला लागला आणि तो अवघडून चालतो म्हटल्यावर लोकांची खात्रीच पटली.

एरवी शेखरला नावं ठेवायला जागा नव्हती. बी.ए. झालेला, सुपारीचंही व्यसन नाही, दुसरबीडपासून चार किलोमीटरवर सहा एकर ओलिताची शेती. पण वय तेहतीस झालं तरी लग्न जमत नव्हतं, कारण मुलगा शेती करतो. आता जगाची ही काय रीत झाली आहे, देव जाणे. भाकरी सगळ्यांना पाहिजे, भाकरी पिकवणारा जावई मात्र कोणाला नको. या दिवाळीनंतर जमलं तर जमलं, नाहीतर पोरगा असाच राहतो, या धास्तीने पुष्पाबाईंना जेवण जात नव्हतं.

म्हणून त्यांनी आपल्या चुलतभावाला, शालिग्राममामांना साकडं घातलं. चार तालुक्यांतल्या लग्नाळू पोरापोरींची नावं मामांना तोंडपाठ होती. मामा चहा पिता पिता म्हणाले, "चार बाय सहाचे पंचवीस फोटो काढून ठेवा. सोबत बायोडाटा. दिवाळी झाली की पंचवीस घरं फिरतो अन् पोराचं जमवूनच दाखवतो."

फोटो काढला शेखरचा मित्र प्रसेनजितने, मोबाईल उभा धरून, मिरचीच्या वावरासमोर. शेंडीपासून बुटापर्यंत अख्खा शेखर बसावा म्हणून तो मागे मागे सरकत गेला आणि शेवटी पाण्याच्या पाटात पडला, पण पडता पडता त्याने बटण दाबलं. नवे बूट अगदी खालच्या काठाला आणि डोकं अगदी वरच्या काठाला. वर-खाली बोटभर जागा म्हणाल तर नाही. पुष्पाबाईंनी मोबाईल हातात घेऊन आधी बूट पाहिले आणि मगच पोराचं तोंड पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन रंगराव दुसरबीडला दीपकच्या दुकानात गेले. दीपकच्या दुकानात पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका, फ्लेक्स, झेरॉक्स असं सगळं एकाच कॉम्प्युटरवर व्हायचं.

"काका, साइज?"

"चार बाय सहा. नग पंचवीस."

"इंच का फूट?"

हा प्रश्न दीपकने विचारला, त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. पण ज्या माणसाला विचारला, त्याने जन्मात विहीर फुटांत मोजली होती, कडब्याची गंजी फुटांत मोजली होती. इंच त्यांना ठाऊक होता तो पाइप विकत घेण्यापुरता. त्यातून दुकानाच्या दारालाच एक फ्लेक्स टेकवून ठेवला होता. त्यावर गॉगल लावलेला एक बैल होता आणि खाली 'राजाला वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा' असं लिहून शुभेच्छुक म्हणून चौदा जणांचे फोटो होते.

रंगरावांनी त्या बैलाकडे पाहिलं. "हा केवढा हाये?"

"दहा बाय आठ फूट."

"बैलाले दहा फूट, अन् माह्या एकुलत्या एक पोराले चार इंच? फूट कर बे, फूट!"

दीपकला काही नवल वाटलं नाही. बोअरला पाणी लागलं म्हणून फ्लेक्स, ट्रॅक्टर आला म्हणून फ्लेक्स, भाचा दहावीला दुसऱ्यांदा बसून पास झाला म्हणून फ्लेक्स, असं सगळं त्याने छापलं होतं. लग्नाचाही छापायला हरकत काय? त्याने फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि डोकं खाजवलं.

"काका, एक भानगड हाये. फोटो लांबुडका हाये. खाली बायोडाटा टाकला का फोटोले जागा उरते चार बाय साडेचार. त्यात हा बसत नाई. एक तर पायाकडून कापा लागते..."

"पायाले हात लावू नको! मले घरी जाता येणार नाई."

"मंग डोक्याकडून कापू?"

"मुंडकं नसलेल्या पोराले कोण पोरगी देईन?"

"मंग दोन्ही बाजूनं पांढरी पट्टी सोडतो."

"पट्टी? वावराच्या कडेले धुरा सोडल्यावाणी? काही सोडू नको. काठापासून काठापर्यंत पोरगाच दिसला पाह्यजे."

"तसं कराचं तर आडवा ताणावा लागते, काका."

"ताण मंग! इचारून काय राह्यला?"

दीपकने ताणला. शेखर पडद्यावर पोळी लाटल्यासारखा दोन्ही बाजूंना पसरत गेला. गाल भरले, खांदे रुंदावले, पोट पुढे आलं, बूट होड्यांसारखे झाले. एकाचा दीड शेखर झाला तेव्हा फ्लेक्स काठोकाठ भरला. दीपकने बिचकतच मान वळवली, तर रंगरावांचे डोळे पाणावले होते.

"अंगात भरला रे पोरगा," ते म्हणाले. "नुसती हाडं दिसत होती. याची माय लय खूश होते आता."

तिसऱ्या दिवशी ऑटोवाल्याने अंगणात एक भलीमोठी गुंडाळी आणून टाकली. पुष्पाबाई फोटो भरायला पंचवीस पाकिटं मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. गुंडाळी उलगडली, आणि अंगणभर शेखर पसरला. बुटांखाली ठळक अक्षरांत 'चि. शेखर', त्याखाली जन्मतारीख, उंची, शेती, 'अपेक्षा – मुलगी सुस्वभावी असावी, नोकरी असल्यास हरकत नाही', आणि सगळ्यात खाली रंगरावांचा मोबाईल नंबर.

पुष्पाबाईंनी आधी पाय पाहिले. "पाय आले!" त्या समाधानाने म्हणाल्या. मग वर पाहिलं आणि हातातली पाकिटं गळून पडली. "अवो, पण हा कोण हाये?"

तेवढ्यात शेखर वावरातून आला. दारातच थबकला. "बाबा, हे काय होय?"

"फोटो."

"मामाले हे खिशात घालून न्याचे होते!"

मामा संध्याकाळी आले, तेव्हा तेही हेच म्हणाले. रंगराव तावातावाने सांगू लागले, की चार बाय सहा तुम्हीच म्हणालात, मी काही मनाचं केलं नाही. मामांनी पिशवीतून दुसऱ्या एका पोराचा फोटो काढून त्यांच्या नाकासमोर धरला. तळहाताएवढा. रंगरावांनी तो पाहिला, मग अंगणात पाहिलं, आणि म्हणाले, "त्याच्या बापानं काटकसर केली."

"दुसरे काढा," मामा मोपेडला लाथ मारत म्हणाले. "अन् या पोराले जरा बारीक करा."

हे एवढ्यावर निभावलं असतं. पण दोन दिवसांनी भर दुपारी आभाळ काळंठिक्कर झालं. गावातलं सोयाबीन नुकतंच कापून झालेलं, वावरावावरात कापलेल्या पिकाचे ढीग, म्हणजे सुड्या, रचलेल्या, मळणीयंत्राची पाळी कोणाची आली नव्हती. पहिला धावत आला तो प्रसेनजित.

"शेखऱ्या, तुह्ये ते फ्लेक्स दे चार! माह्या सुडीवर टाकाले काहीच नाई."

"अबे, उलटे तरी टाकशील ना?"

"उलटे टाकले तं शाई दाण्याले लागते. व्यापारी नाक मुरडते मंग. सुलटेच टाकावं लागते."

मित्राचं सोयाबीन भिजू द्यायचं, की आपलं तोंड झाकायचं? शेखरने चार फ्लेक्स दिले. प्रसेनजित ते खांद्यावर टाकून गावातून पळाला आणि ते पाहून बाकीचे आले. कोणी दोन नेले, कोणी तीन. तासाभरात तेवीस गेले आणि नऊ सुड्या झाकल्या गेल्या. रंगराव ओट्यावर उभे राहून, "न्या, न्या, आपलाच पोरगा हाये," असं म्हणत होते. फ्लेक्स असे कामी आले, याचा त्यांना केवढा अभिमान.

सगळ्यांत शेवटी अंबूबाई आल्या. घरात एकट्या बाई, दीड एकराचा तुकडा, त्याचीच सुडी. दोन फ्लेक्स उरले होते, पण वाऱ्याने ते उडाले तर धावत जायला त्यांच्याकडे कोणी नव्हतं. शेखरने स्वतःच्या सुडीसाठी काढून ठेवलेली ताडपत्री उचलली आणि स्वतः जाऊन त्यांच्या सुडीवर दोऱ्यांनी बांधून आला.

मग उरलेले दोन फ्लेक्स घेऊन तो आपल्या वावरात गेला. अडचण अशी, की शेखरची सुडी होती ऐन रोडला लागून, एस.टी. थांबते तिथे. त्याने एक फ्लेक्स अर्धा उलगडला. स्वतःचे फुगलेले गाल त्याच्याकडे पाहून हसत होते. शेजारून एक काळीपिवळी जीप गेली आणि आतल्या दोन बायांनी माना बाहेर काढल्या. त्याने फ्लेक्स परत गुंडाळला. जाईन आभाळ उडून, असं स्वतःशीच म्हणून तो घरी आला आणि दोन्ही गुंडाळ्या खाटेखाली सारल्या.

आभाळ काही उडालं नाही. दोन दिवस धो धो पडलं.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा रोडवरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना दोन्ही अंगांना दीड दीड शेखर उताणे पडून आभाळाकडे पाहताना दिसू लागले. एस.टी. त्या टप्प्यात हळू व्हायची. रंगरावांचा मोबाईल वाजायचा थांबेना. एकाने विचारलं, "भाऊ, कोणत्या चिन्हावर उभे हायेत हे?" रंगराव ओरडले, "लग्नाले उभा हाये तो!" दुसऱ्याने सोयाबीन विकायचं आहे का, असं विचारलं. तिसऱ्याने बायोडाटा पूर्ण वाचला आणि एवढी तब्येत आहे तर पोराला शुगर तपासून घ्या, असा सल्ला दिला. एका पोरीच्या बापाचा म्हणून फोन नाही. शेखरने रोडने जाणं सोडलं. तो नाल्याकाठून वावरात जायचा आणि नाल्याकाठून घरी यायचा, खाली मान घालून.

"माह्या लग्नाची तुमी पार वाट लावली, बाबा," एवढंच तो एकदा जेवताना बोलला. रंगरावांनी हातातला घास ताटात परत ठेवला. 

आठवड्याभराने सकाळी एक स्कूटी दारात थांबली. साधारण तिशीची बाई, पाठीवर सॅक, हातात रजिस्टर.

"शेखर रंगराव इथेच राहतात का?"

रंगराव खाटेवरून उडालेच. पोरगी! एकटी! स्वतः चालून आली! जमाना केवढा पुढे गेला, आणि आपण पंचवीस पाकिटं घेऊन बसलो होतो.

"हाव हाव, इथीच राह्यते! या, बसा. अवं, ऐकलं का, पाहुणे आले! पोहे टाक!" मग आवाज खाली आणून, "वडील नाई आले सोबत?"

"वडील देऊळघाटला असतात. मळ्यात काम असतं त्यांना. का?"

"मळा! मळा हाये घरी! मंग तं उत्तमच झालं."

तिला यात उत्तम काय ते कळलं नाही. "मला शेखर यांना प्रत्यक्ष पाहायचं आहे."

"पाहा ना! पाह्यल्याबिगर कोण करते?"

"करायचं नंतर. आधी माझी खात्री झाली पाहिजे. नऊ फोटो पाहून मला वरून बोलणी खावी लागलीत."

"वरून म्हणजे... मोठे भाऊ काय?"

"साहेब."

घरात भावाला साहेब म्हणतात, म्हणजे खानदानी दिसतात, असा रंगरावांनी हिशेब केला आणि शेखरला गोठ्यातून हाक मारली. शेखर शेणाचे हात धुऊन आला आणि खांबाला टेकून, खाली मान घालून उभा राहिला. अलीकडे त्याची मान तशीच असायची. तिने मोबाईलवर पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, परत मोबाईलवर पाहिलं.

"हे ते नाहीत," ती म्हणाली.

"नाईत म्हणजे?"

"फोटोतले गृहस्थ चांगले जाडजूड आहेत. हे दुसरेच कोणीतरी."

"तोच हाये वो! तो ताणला हाये!"

"ताणला?"

पुष्पाबाई पोह्यांची बशी घेऊन बाहेर आल्या. "तोंडाकडं पाहू नका, बाई. पायाकडं पाहा. बूट घाल रे शेखर!"

शेवटी तिनेच सगळ्यांना हाताने थांबवलं आणि आपली ओळख दिली. ती अनुपमा, या गावासाठी नव्याने आलेली कृषी सहायक. पावसाने सुड्यांना खालून ओल लागली म्हणून पंचनामे केले, प्रत्येक सुडीचा फोटो काढून वर पाठवला. वरून फोन आला, की मॅडम, शेतकरी नऊ आणि सगळ्या फोटोंत माणूस एकच, हा काय प्रकार आहे? एकाच माणसाला नऊ वेळा भरपाई द्यायची का? आज खुलासा नाही गेला, तर नऊच्या नऊ जणांचे पंचनामे रद्द होणार होते.

रंगरावांना आत्ता उमगलं. पोरगी पोराला पाहायला आली नव्हती, चौकशीला आली होती. गावातल्या नऊ घरांची भरपाई आता आपल्या पोराच्या तोंडामुळे बुडते, हे ध्यानात आल्यावर त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी दीपकला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"दीपक, सांग मॅडमले, तू काय केलं ते!"

दीपकही घाबरला. "मॅडम, मूळ शेखर तुमच्यापुढं हाये तेवढाच हाये. बाकीचा अर्धा माह्याकडून झाला. पाय कापू देत नव्हते, डोकं कापू देत नव्हते, मंग मी काय करू?"

अनुपमाने ओठ दाबून धरला. रजिस्टरमध्ये तोंड खुपसून ती बराच वेळ काहीतरी लिहीत राहिली, पण खांदे हलत होते. मग तिने सरकारी आवाज काढून वाचून दाखवलं, "नऊही छायाचित्रांत दिसणारा इसम हा शेतकरी नसून आच्छादन आहे. सदर इसमाची समक्ष पाहणी केली असता तो मूळ मापात आढळून आला. इथे सही करा."

शेखरने आपण आच्छादन असल्याची सही केली.

"आणि तुमची स्वतःची सुडी?" ती पानं उलटत म्हणाली. "यादीत तुमचं नावच नाही."

"भिजली," शेखर जमिनीला म्हणाला.

"मग अर्ज का नाही केला?"

उत्तराची वाट न पाहता तिने सॅक उचलली. "चला, दाखवा."

रोडवर प्रसेनजित भेटला, तोही सोबत निघाला. वावरात अजून पोटरीपर्यंत चिखल होता. शेखर पुढे आणि मागे अनुपमा. बांधावर तिने सँडल काढून हातात घेतले आणि सरळ चिखलात उतरली. पाय रोवत, न घसरता, पाटाचं पाणी ओलांडून सुडीच्या चहूअंगांनी फिरली. सुडी काळी पडली होती, शेंगांना मोड आले होते. तिने हाताने आतलं सोयाबीन उपसून पाहिलं.

"पंचवीस छापले आणि स्वतःच्या सुडीवर एक नाही टाकला?"

"लाज वाटली."

"ताडपत्री नव्हती?"

शेखर सुडीकडे वळला. प्रसेनजितला राहवलं नाही. "होती, मॅडम. अंबूबाईले देल्ली यानं. स्वतः बांधून आला. दोन फ्लेक्स उरले होते याच्यापाशी, ते घेऊन गेला खाटेखाली."

अनुपमाने हातातलं सोयाबीन खाली टाकलं. मग ती बोलली तेव्हा सरकारी मराठी कुठल्या कुठे गेली होती. "काऊन देल्ली? आपलं भिजू देऊन?"

"तिचं कोणी नाई," शेखर म्हणाला. "आमचं काय, आमी तिघं हावो."

तिने मोबाईल काढला. "उभे राहा सुडीपाशी. वर पाहा." शेखरने मान वर केली नाही. "बरं, राहू द्या. एक पाऊल मागं व्हा, पाय कापले जाऊन राह्यले."

फोटो निघाला. चिखलाने भरलेले पाय, पाठीमागे काळी सुडी, आणि मध्ये जेवढा आहे तेवढाच शेखर. अनुपमा तो फोटो जरा जास्तच वेळ पाहत होती, असं प्रसेनजितने नंतर गावात सांगितलं. पण प्रसेनजितचं काय घेऊन बसायचं, तो काहीही सांगतो.

दिवाळी झाली. नऊ जणांचे पंचनामे मंजूर झाले, दहावा शेखरचाही झाला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शालिग्राममामांची मोपेड दारात आली. रंगराव त्यांना बसू न देताच म्हणाले, "मामा, आजच जातो दुसरबीडले. इंचात काढतो. तुमच्यासमोर पट्टीनं मोजून देतो!"

"राहू द्या," मामा म्हणाले. "पंचवीस घरं फिरायचं काम नाई आता. एक स्थळ आपणहून आलं. देऊळघाटचं. मळेवाले हायेत, पोरगी शेतकी खात्यात नोकरीले."

पुष्पाबाईंच्या हातातला करंजीचा डबा वाजला. खांबाआड शेखर होता, तोही जरा पुढे सरकला.

"पण त्यायले पोराचा फोटो तं द्यावा लागंन?" रंगराव म्हणाले.

"नको म्हणते पोरगी. तिच्यापाशी हाये म्हणते, न ताणलेला. घरच्यायले तिनंच दाखवला तो अन् म्हणे, एवढाच पाह्यजे, याहून मोठा नको." मामांनी पिशवीतून पाकीट काढलं. "हा पोरीचा. तिच्या बापानं देल्ला. पाहून घ्या, चार बाय सहा इंच!"

पुष्पाबाईंनी पदराला हात पुसून फोटो घेतला. सवयीप्रमाणे खालून वर पाहायला सुरुवात केली आणि कपाळाला आठ्या पडल्या. फोटो कमरेपर्यंतचाच होता.

"अवो शालिग्रामभाऊ! यात पाय नाईत!"

मामांनी रंगरावांकडे पाहिलं, रंगरावांनी मामांकडे. एवढं चालून आलेलं स्थळ आता पायांवरून जातं की काय, म्हणून मामांनी खुलासा करायला तोंड उघडलं, पण त्याआधी खांबाकडून आवाज आला.

"पाय चांगले हायेत, आई. चिखलातबी घसरत नाईत."

"तुले काय माईत रे?"

"त्या दिवशी मी तेवढेच तं पाह्यले."

शेखर पुढे आला. कितीतरी दिवसांनी मान वर होती. त्याने आईपुढे हात केला.

"आन इकडं तो फोटो. तोंड पाह्याचं राह्यलं."